गप्पा आणि अनुपस्थित मित्र

रिकामपणाचें बोलणें हा आयुष्याचा अपव्यय आहे, असें आम्हांला लहानपणापासून शिकविण्यांत आलें. समर्थांनीं विनोदाची आवड टवाळांच्या पदरीं घातली. शाळेंत मास्तरांनीं बोलणाऱ्या मुलांचीं नांवें फळ्यावर लिहविलीं. पुढें आम्ही स्वतः अध्यापक झालों तेव्हां तोच फळा आणि तोच खडू आमच्या हातीं आला, आणि गेलीं पंचवीस वर्षें तरुण मंडळींना 'बोलूं नका' असें सांगूनच आम्हीं आपला चरितार्थ चालविला आहे. इतक्या उपदेशानंतरहि सायंकाळचे सहा वाजले कीं आमचीं पाउलें स्टेशनाकडच्या रस्त्यावरील एका पानठेल्याकडे वळतात, तेथल्या लांकडी बाकावर आम्ही तास-दीड तास बसतों, आणि उठतांना काय बोललों याचा कोणी हिशेब मागितला तर आम्हांला तो एका वाक्याचाहि देतां येणार नाहीं. या वर्तनाचें समर्थन करावें, एवढ्याच हेतूनें हा निबंध लिहावयास घेतला होता. तो भलत्याच ठिकाणीं जाऊन पोंचला. त्याचें कारण पुढें येईल.

गोंदिया हें गांव गप्पांना फार अनुकूल आहे. एक तर तें जंक्शन आहे, आणि जेथें माणसांना गाडीची वाट पाहावी लागते तेथें संभाषणकला आपोआप वाढीस लागते. दुसरें असें कीं तें राज्याच्या अगदीं काठावर आहे. १९९९ सालच्या १ मे रोजीं भंडाऱ्यापासून वेगळा होऊन आमचा जिल्हा झाला. त्याच्या उत्तरेस मध्यप्रदेश, पूर्वेस छत्तीसगड. आमची राजधानी मुंबई नऊशें किलोमीटरांहून दूर, आणि शेजाऱ्यांची राजधानी रायपूर दोनशें किलोमीटरांच्याहि आंत. कोल्हापुराहून निघालेली महाराष्ट्र एक्सप्रेस साऱ्या राज्याची रुंदी ओलांडून आमच्या येथें येऊन थांबते, तेव्हां तिच्याबरोबर बातम्याहि थोड्या शिळ्या होऊनच उतरतात, आणि शिळ्या बातम्यांवर शांतपणें बोलतां येतें. भाषेचें म्हणाल तर वाक्याचा आरंभ मराठींत व्हावा, मध्यें पोवारी किंवा झाडीबोलीचा एखादा ठसकेबाज शब्द यावा आणि शेवट हिंदींत व्हावा, यांत येथें कोणाला कांहींच विपरीत वाटत नाहीं. इंग्रजीचा अध्यापक म्हणून आम्हांला पूर्वीं या सरमिसळीचा थोडा कंटाळा येई. हल्लीं आमचेंच वाक्य असें तीन घरीं पाणी पिऊन येतें.

आमचें मंडळ पांचजणांचें. एक शेठ, ज्यांची भाताची गिरणी आहे, एक वकीलसाहेब, एक रेल्वेंतून निवृत्त झालेले तिकीट तपासनीस, ज्यांना सारें गांव अजून 'टीसीसाहेब' म्हणतें, एक गुरुजी, खेड्यांतील प्राथमिक शाळांत आयुष्य घालवून निवृत्त झालेले, आणि आम्ही. विषयांची टंचाई कधीं पडत नाहीं. धानाचा भाव आणि त्यावरचा बोनस हा विषय तर बारमाही. स्वतंत्र विदर्भाचा प्रश्न हिवाळी अधिवेशनाच्या सुमारास जागा होतो. मग १९५३ सालच्या नागपूर कराराचीं कलमें वकीलसाहेब पाठ म्हणून दाखवितात, आणि अधिवेशन संपलें कीं तो प्रश्न त्यांच्या काळ्या कोटाबरोबर पुन्हां खुंटीवर जातो. प्रवासवर्णनें दोन प्रकारचीं. टीसीसाहेब जबलपूरकडे जाणाऱ्या छोट्या लाईनच्या कथा सांगतात. त्या मार्गाचे रूळ आतां रुंद झाले, सातपुड्यांतून रखडत जाणारी ती लहानशी गाडी इतिहासजमा झाली, पण त्यांच्या कथेंतली गाडी दरवर्षीं अधिकच हळू चालते, आणि फुकटे प्रवासी अधिकाधिक चतुर होत जातात. शेठ एकदां मुलांच्या आग्रहानें स्वित्झर्लंडला जाऊन आले. तेथील हिमशिखरांविषयीं विचारलें तर ते सांगतात कीं एका ताटलीभर भाताला इतके इतके पैसे घेतले, आणि तो भातहि जुन्या तांदुळाचा नव्हता.

अशा बोलण्यांतून ज्ञान किती मिळतें, हा प्रश्न आम्हांला गौण वाटतो. दिवसभर आम्ही सर्व कांहींतरी मिळविण्यासाठीं बोलत असतों. शेठ सौद्यासाठीं बोलतात, वकीलसाहेब निकालासाठीं, आम्ही विद्यार्थ्यांच्या गुणांसाठीं. सायंकाळचा तो एक तासच असा, कीं ज्यांत शब्दाकडून कोणीहि कामाची अपेक्षा करीत नाहीं. शब्दाला सुट्टी मिळते, आणि माणसालाहि. येथपर्यंत आमचें समर्थन ठीक चाललें होतें.

दोन वर्षांपूर्वींच्या कार्तिकांत मंडळानें नवेगांवबांधची सहल ठरविली. मारुती चितमपल्ली यांच्या लेखनामुळें साऱ्या महाराष्ट्राला परिचित झालेला हा तलाव आमच्या जिल्ह्यांतला; हिवाळ्यांत तेथें दूरदूरचे पक्षी उतरतात. वर्गणी जमविण्याचें काम सर्वानुमतें गुरुजींकडे गेलें, कारण हिशेबाचें कोणतेंहि काम त्यांच्याकडेच जावें हें वीस वर्षांचें वळण होतें. गांवांतील एका लहानशा वाचनालयाची वहीहि तेच ठेवीत असत. अर्ध्याअधिक वर्गणी जमली, आणि एके दिवशीं गुरुजी आले नाहींत. दुसऱ्या दिवशींहि नाहीं, चौथ्या दिवशींहि नाहीं. फोन बंद. घराला कुलूप. पांचव्या दिवशीं त्यांच्या रिकाम्या जागेकडे पाहून आम्ही एक वाक्य बोललों.

तें वाक्य येथें देत नाहीं. तें पैसा आणि प्रवास या दोन गोष्टींविषयीं होतें एवढें सांगितलें म्हणजे पुरे. तें न देण्याचें कारण संकोच हें नव्हे. तें चांगलें जमून आलेलें होतें, आणि येथें दिल्यास वाचकांतील कांहींजण तरी हंसतील, हें आम्हांला पक्कें ठाऊक आहे. त्या सायंकाळीं टीसीसाहेबांना हंसतां हंसतां ठसका लागला, पानठेलेवाल्यानें कात लावतां लावतां हात थांबविला, आणि आम्हांला आनंद झाला. त्या आनंदांत गुरुजींविषयीं तिळभरहि वाईट भाव नव्हता. खरें सांगावयाचें तर त्यांत गुरुजीच नव्हते. होतें तें केवळ आमचें वाक्य.

गुरुजी नवव्या दिवशीं परतले. धाकट्या भावाला एकाएकीं नागपूरच्या इस्पितळांत न्यावें लागलें होतें. ते आले ते खिशांत वर्गणीची वही घेऊनच, आणि बसण्यापूर्वीं त्यांनीं ती बाकावर उघडून ठेवली. नांवें, रकमा, तारखा. त्यांना तोपर्यंत कांहीं कळलें होतें कीं नाहीं, हें आम्हांला आजहि सांगतां येत नाहीं. परंतु तें वाक्य मात्र या चार दिवसांत बरेंच फिरलें होतें. पानठेल्यावरून तें बाजारांत गेलें, आणि कोणींतरी तें भ्रमणध्वनीवरच्या एका गटांत हंसऱ्या चेहऱ्याचें चिन्ह जोडून लिहून टाकलें. प्रवासांत त्यांतला विनोद झिजत गेला आणि मजकूर तेवढा शिल्लक राहिला. माघांत वाचनालयाची वार्षिक सभा झाली. तींत एका सभासदानें अत्यंत नम्रपणें सुचविलें कीं यंदा हिशेब दुसऱ्या कोणाकडून एकवार पाहून घ्यावा. संशय म्हणून नव्हे, केवळ पद्धत म्हणून. गुरुजींनीं त्याच सभेंत कपाटाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. हिशेब तपासला गेला. एक रुपयाचीहि चूक निघाली नाहीं. किल्ल्या परत घ्याव्या असा आग्रह झाला. त्यांनीं घेतल्या नाहींत.

वकीलसाहेबांपुढें आम्हीं ही सल बोलून दाखविली तेव्हां त्यांनीं आमचें वकीलपत्र विनामूल्य घेतलें. हेतु नाहीं तेथें अपराध नाहीं, हा त्यांचा पहिला मुद्दा. दुसरा असा कीं, जो समोर नाहीं त्याच्याविषयीं बोलावयाचेंच नाहीं असा दंडक घातला तर गप्पांत पाऊस आणि रेल्वेचें वेळापत्रक यांखेरीज उरणार काय? हा दुसरा मुद्दा आम्हांला पटतो. अनुपस्थित माणसाची आठवण निघावी, त्याच्या लकबी कोणीतरी करून दाखवाव्या, तो आज असता तर काय म्हणाला असता हें सांगावें, यांत मैत्रीचा मोठा भाग आहे. आमचे कित्येक दिवंगत स्नेही आज केवळ अशा बोलण्यांतच जिवंत आहेत. पहिल्या मुद्द्याला मात्र इंग्रज धर्मवेत्ता बटलर यानें १७२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवचनांत अगोदरच उत्तर देऊन ठेविलें आहे. जिभेच्या नियमनावर बोलतांना तो म्हणतो कीं परनिंदेचा उगम पुष्कळदां द्वेषांत नसून केवळ बोलत राहण्याच्या खाजेंत असतो. काय बोलावें याचा विचार नाहीं, कोणाचें बरें व्हावें वा वाईट व्हावें अशी इच्छाहि नाहीं, केवळ बोलणें चालू राहिलें पाहिजे. इतर विषय संपतात, तेव्हां माणसें विषय होतात. म्हणजे हेतु नव्हता हा आमचा बचाव नसून तेंच आमच्यावरील आरोपाचें कलम आहे.

लोकव्यवहारांत यावर एक सोपी कसोटी सांगतात: जें तोंडावर बोलतां येणार नाहीं तें पाठीमागें बोलूं नये. आम्हीं ही कसोटी स्वतःला लावून पाहिली आणि त्या परीक्षेंत आम्ही निर्वेध उत्तीर्ण झालों. तें वाक्य आम्ही गुरुजींच्या तोंडावर खुशाल बोललों असतों. याहून तिखट वाक्यें आम्हीं त्यांना व त्यांनीं आम्हांला शेंकड्यांनीं ऐकविलीं आहेत. तेव्हां कसोटी तरी खोटी, किंवा आमचा अपराध तरी खोटा. आणि वाचनालयाच्या टेबलावर ठेवलेल्या त्या किल्ल्या तर खऱ्या होत्या.

पुष्कळ दिवस या कोड्यांत गेल्यावर आम्ही भवभूतीचें 'उत्तररामचरित' पुन्हां हातीं घेतलें. यांत थोडा स्थानाभिमानहि होता. भवभूति आपलें मूळ पद्मपुराचें म्हणून सांगतो, आणि तें पद्मपूर म्हणजे आमगांवजवळचें पदमपूर होय असें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं प्रतिपादिलें आहे. म्हणजे सुमारें तेराशें वर्षांपूर्वींचा हा महाकवि आमच्या पानठेल्यापासून आगगाडीनें अर्ध्या तासावरचा रहिवासी ठरतो. टीसीसाहेबांनीं तर त्याला 'आपल्या सेक्शनचा माणूस' म्हणून केव्हांच दाखल करून घेतलें आहे.

या नाटकाचा पहिला अंक म्हणजे एका घरच्या मंडळींच्या गप्पाच आहेत. राम, सीता आणि लक्ष्मण आपल्याच पूर्वायुष्याचीं चित्रें पाहत बसले आहेत. विवाहाचीं चित्रें, वनवासाचीं चित्रें. आजच्या भाषेंत प्रवासांतलीं छायाचित्रें पाहावीं तसा प्रकार. चारी वधूंच्या चित्रांत लक्ष्मण इतर तिघींचीं नांवें सांगतो आणि ऊर्मिलेला वगळतो. सीतेच्या तें ध्यानांत येतें, ती तिच्याकडे बोट दाखवून 'आणि ही कोण?' असें भाबडेपणानें विचारते, आणि लक्ष्मण लाजून घाईघाईनें पुढच्या चित्राकडे वळतो. थट्टा झाली, तिचें उत्तर त्या लाजण्यांत मिळालें, आणि ती तेथल्या तेथें संपली. पुढें रामाला वनांतली एक रात्र आठवते, जींत दोघेंजण हळू आवाजांत, कांहीं क्रम नाहीं, विषय नाहीं, असें हें-तें बोलत राहिलीं, आणि प्रहर केव्हां गेले तें कळलेंच नाहीं. संपली ती रात्र, बोलणें नव्हे. निरुद्देश बोलण्याचा याहून मोठा गौरव आमच्या तरी वाचनांत नाहीं.

आणि याच अंकांत, याच बैठकींत, सीता दमून रामाच्या बाहूवर डोकें ठेवून झोंपी गेल्यावर, दुर्मुख नांवाचा हेर येतो. तो प्रथम प्रजेनें केलेली स्तुतीच सांगूं लागतो. राम त्याला म्हणतो कीं ही प्रशंसा पुरे, कांहीं दोष असेल तर सांग. तेव्हां तो रडत रडत रामाच्या कानांत तो लोकापवाद सांगतो. कानांत, हें महत्त्वाचें. भवभूतीनें तें वाक्य प्रेक्षकाला ऐकूं येऊं दिलें नाहीं. ज्याच्यावर सारें नाटक उभें आहे तेंच वाक्य कवीनें लिहिलें नाहीं, आणि ज्यानें तें उच्चारिलें त्या दुर्मुखाच्या डोळ्यांत त्यानें पाणी ठेविलें. आमच्या वाक्याबरोबर गेलें तें हंसऱ्या चेहऱ्याचें चिन्ह होतें.

परंतु आम्हांला अधिक खोल लागली ती दुसरी गोष्ट. सीता तेथेंच आहे. एका हाताच्याहि अंतरावर नाहीं, हातावरच आहे. पण झोंपलेली आहे. थोड्या वेळापूर्वींची थट्टा जिच्या जागेपणीं झाली तिच्या झोंपेंत हें दुसरें बोलणें झालें. त्याला उत्तर देणारें तेथें कोणी नाहीं, आणि कवीनें तें कोणी राहूं नये अशी मोठ्या कुशलतेनें व्यवस्था केली आहे. वसिष्ठ, अरुंधती आणि तिघी माता ऋष्यशृंगाच्या यज्ञाला गेलेल्या, जनक विदेहाला परतलेले, लक्ष्मण रथ जोडण्याच्या व्यवस्थेंत. जीं जीं माणसें 'हें खोटें आहे' असें म्हणालीं असतीं तीं सर्व त्या क्षणीं घराबाहेर आहेत. एक दुर्मुखच काय तो अडखळत अडखळत, अग्नीनें शुद्ध ठरविलेल्या देवीला असें कसें, म्हणून विचारून पाहतो. पण तो पडला सेवक, आणि राम त्याला गप्प करतो.

थट्टा ही एकट्याची नसते, हें आम्हांला येथें कळलें. तिचा एक अर्धा भाग करणाऱ्याचा आणि दुसरा अर्धा ज्याची केली त्याचा. समोरचा हंसतो, चिडतो, लाजतो, उलट टोला देतो, आणि त्यानें ती थट्टा पुरी होते. ऐकणारे ती तेथेंच ठेवून घरीं जातात. तो माणूस नसला म्हणजे ती अर्धीच राहते. उत्तर न मिळालेली थट्टा कोणालाहि थट्टा म्हणून फार काळ सांभाळतां येत नाहीं. दुसऱ्या दिवशीं ती माहिती होते, आणि तिसऱ्या दिवशीं बातमी. म्हणून तोंडावरची कसोटी अपुरी पडते. आम्ही तें वाक्य गुरुजींच्या तोंडावर बोललों असतों हें खरेंच. पण मग गुरुजीहि कांहीं बोलले असते.

आणि ते काय बोलले असते, हें त्या बाकावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतें! आपली तपकिरी वही काढून, चष्मा कपाळावर चढवून, ते म्हणाले असते कीं, "प्रोफेसरसाहेब, चौघांचे पैसे घेऊन पळालों हें खरें, तुमचे नाहीं घेतले, कारण तुम्हीं अजून दिलेच नाहींत." कारण आमची वर्गणी खरोखरच बाकी होती. हें शेठना माहीत होतें, टीसीसाहेबांना माहीत होतें, आम्हांला तर होतेंच. चौघांपैकीं एकानें गुरुजींच्या वतीनें एवढें एक वाक्य बोललें असतें तर टीसीसाहेबांना दुसरा ठसका लागला असता, पहिलें वाक्य तेथेंच विझलें असतें, आणि पानठेल्यावरून बाजारांत गेलेंच असतें तर तें आमच्या चिकटपणाचें नांव घेऊन गेलें असतें. अनुपस्थित मित्राविषयीं मौन पाळावें असें आम्ही म्हणत नाहीं. त्याची खुर्ची रिकामी असली तरी त्याची बाजू रिकामी राहूं नये, आणि त्याचें उत्तर देण्याचें काम जे हजर आहेत त्यांच्याकडे येतें. त्या सायंकाळीं तें आमच्याकडे सर्वांत आधीं येत होतें, कारण तें उत्तर आमच्याच खिशांत होतें.

आम्ही गुरुजींच्या घरीं गेलों. वहिनींनीं चहा केला. वाक्य आमचें होतें, असें आम्हीं त्यांना सांगितलें. ते म्हणाले, "अहो, थट्टाच ती. मित्रांत चालायचंच, प्रोफेसरसाहेब." मग त्यांनीं भावाच्या प्रकृतीची हकीकत सांगितली, यंदा धानावर तुडतुडा फार आहे म्हणाले, आणि निघतांना फाटकापर्यंत पोंचवावयास आले. क्षमा मागणें इतकें सोपें झालें कीं ती मिळाली कीं नाहीं हेंच कळलें नाहीं.

त्यांनीं मंडळ सोडलें असतें तर आम्हांला तें समजलें असतें. त्यांनीं सोडलें नाहीं. उलट त्या दिवसापासून आजवर त्यांची एक सायंकाळ चुकलेली नाहीं. पूर्वीं ते सर्वांच्या शेवटीं येत आणि सर्वांच्या आधीं उठत. आतां सहाला पांच कमी असतांना ते बाकावर असतात, आणि शेवटला माणूस उठल्याशिवाय उठत नाहींत. बोलतात पूर्वींसारखेंच, हंसतात पूर्वींसारखेंच. हल्लीं आमच्या एक ध्यानांत आलें आहे कीं इतरहि कोणी आधीं उठावयास फारसें राजी नसतात.

गेल्या श्रावणांत एकदां दुपारपासून पाऊस कोसळत होता. स्टेशनाकडचा रस्ता घोट्यापर्यंत पाण्यांत होता, पानठेल्याची ताडपत्री फडफडत होती, आणि आमच्याशिवाय तेथें कोणी येईलसें वाटत नव्हतें. गुरुजी छत्री सांवरीत आले. अंगावर शाल, डोळे तापानें लाल. "आज कशाला आलांत, गुरुजी?" आम्ही म्हणालों. त्यांनीं छत्री झटकून बाकाला टेकविली, आपली नेहमींची जागा रुमालानें पुसली, बसले, आणि विचारलें, "विदर्भ आज किती लेट आहे हो?"